रांग लावू नका, दारात जा: छोट्या मंडळीने सेवेचं काम कुठून सुरू करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी साठ-पासष्ट कुटुंबांची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एका चर्चचा समुदाय आहे. तरुण संघाला नाताळात पाचशे ब्लँकेटं वाटायची आहेत. पाळकसाहेबांच्या मनात मोफत दवाखाना आहे. वडीलधारी म्हणतात, काहीही केलं तरी 'बाटवायला आले' हेच ऐकावं लागणार, त्यापेक्षा आपली रविवारची उपासना बरी. सुरुवात कशी करावी, पैसा कुठून आणावा आणि या आरोपाचं काय करावं, असं तरुण संघाच्या सेक्रेटरींनी विचारलंय.

मी नर्स. मिशन हॉस्पिटलच्या समुदाय आरोग्य विभागात सारी नोकरी झाली, आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या मंडळीची सेवा-समिती बघते. माझा कल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हिशेब लावता येईल. ज्या कामात लोक तुमच्या फाटकाशी रांग लावतात ते काम टाळा, आणि ज्यात तुमची माणसं दुसऱ्याच्या दारात जातात ते धरा.

ब्लँकेटांपासून सुरू करू. डिसेंबरात तुमच्या तालुक्यातली सगळ्यात गरजू माणसं गावात असतात का, हे तरुण संघाने एकदा स्वतःला विचारावं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात उतरतात. मार्च-एप्रिलपर्यंत ती उसाच्या फडातच. नाताळच्या आठवड्यात तुम्ही पटांगणात मंडप घातलात तर रांगेत कोण उभं राहणार? बाजारपेठेच्या आसपासचे लोक, गेल्या वर्षी दुसऱ्या कुठल्या मंडळाकडून ब्लँकेट मिळालेले लोक, आणि नगरसेवकाने पाठवलेले लोक. फोटो छान येतील. काम मात्र झालेलं नसेल.

मागे राहतात ती म्हातारी माणसं. त्यांच्याकडे सहसा कोणाचं लक्ष नसतं, कारण ती मागायला येत नाहीत. घरी एखादी आजी, तिच्याजवळ शाळेसाठी ठेवलेली दोन नातवंडं, एक शेळी. मुलगा-सून सहा महिने नाहीत. अशा घरात नर्स म्हणून गेले की मी आधी औषधांची पिशवी बघते. एका आजोबांना प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्तदाबाची गोळी मिळत होती, ॲम्लोडिपिन, महिन्याची एकदम. पिशवीत बघते तर सगळ्या गोळ्या विळीने अर्ध्या केलेल्या, कागदाच्या पुडीत नीट बांधून ठेवलेल्या. का, तर आरोग्य केंद्र आठ किलोमीटरवर, न्यायला कोणी नाही, म्हणून मुलगा येईपर्यंत पुरवायच्या होत्या. आणि ती अर्धीसुद्धा चक्कर आली तरच घ्यायची. आता यांना ब्लँकेट दिलंत काय आणि नाही दिलंत काय. त्यांना हवा होता महिन्यातून एकदा मोटरसायकलवर मागे बसवून नेणारा कोणी. तुमच्या तरुण संघात मोटरसायकली आहेतच.

दुसरी गोष्ट कागदांची. निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, पासष्टच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. दोन्हींत साधारण दरमहा १५०० रुपये मिळतात. अट कुटुंबाच्या वर्षाला २१,००० रुपयांच्या उत्पन्नाची, त्यासाठी तहसीलचा दाखला लागतो. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. यातली एक कडी निसटली की अनुदान बंद, आणि आजीला वाटतं 'सरकारने बंद केलं'. रेशन दुकानात वेगळीच तऱ्हा. जन्मभर खुरपं आणि कोयता धरलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. दुकानदार तीनदा अंगठा पुसायला लावतो आणि मग 'उद्या या' म्हणतो. अशांसाठी पर्यायी सोय असते, पण ती मागावी लागते, आणि मागायला शब्द हवेत, वेळ हवा, थोडी चिकाटी हवी. तुमच्या मंडळीत निवृत्त शिक्षक असतील, एखादा तलाठी कार्यालयात काम केलेला असेल, कॉलेजात जाणाऱ्या मुली असतील. सेतू केंद्राची वाट त्यांना ठाऊक आहे. एका म्हातारीचं बंद पडलेलं अनुदान सुरू करून दिलंत तर वर्षाला १८,००० रुपये तिच्या घरात जातात, आणि मंडळीचा खर्च होतो झेरॉक्सचा आणि पेट्रोलचा. ब्लँकेटांचा हिशेब याच्याशेजारी मांडून बघा.

घरी जाण्याची पद्धत आपल्याला नव्याने शोधायची नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र यांनी हेच सुरू केलं. 'तुमच्या धर्माने आज गरिबांसाठी काय केलं ते दाखवा' असा टोमणा त्यांना वादसभेत बसला होता. रोझली रांद्यू नावाच्या एका सिस्टरने त्यांना कोणत्या घरी जायचं ते सांगितलं आणि कसं बोलायचं तेही शिकवलं. त्यातून सेंट व्हिन्सेंट दि पॉल संस्था उभी राहिली, आणि आज वसईपासून कुठल्याही कॅथलिक धर्मग्रामात तिची मंडळं दिसतात. आपण प्रॉटेस्टंट लोक त्यांच्याकडून फारसं काही शिकायला जात नाही. ही गोष्ट मात्र शिकावी. नेहमी दोघांनी जायचं. ठरलेल्या घरी ठरावीक दिवशी जायचं. काय बघितलं ते बैठकीत सांगायचं, बाहेर नाही. प्रभूनेही शिष्यांना जोडीजोडीनेच पाठवलं होतं, आणि त्यामागे व्यवहार आहे. एकटा गेला की उद्या कोणीही काहीही म्हणू शकतं, आणि एकट्याचा राग-लोभ यादीत उतरतो.

तुमच्यापासून जवळच, पूर्वीच्या नगर जिल्ह्यात, जामखेड आहे. तिथे एकदा जाऊन याच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, आधी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात राबले, आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की खाटेवर येणारे बहुतेक आजार गावातच अडवता आले असते. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून ते १९७० साली जामखेडला आले. पाठोपाठ १९७२चा दुष्काळ. त्यांनी दवाखान्याच्या आधी पाण्याचं आणि जेवणाचं बघितलं, कारण लोक तेच मागत होते. बोअरवेल घ्यायची वेळ आली तेव्हा ती दलित वस्तीत घेतली जाईल असं पाहिलं, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे यावं लागेल. यावर त्यांनी भाषण केलं नाही, फक्त जागा निवडली. मला आरोग्याचं काम जितकं त्यांच्याकडून शिकता आलं तितकंच हेही.

पुढे आरोग्यसेविका निवडतानाही त्यांनी शिकलेल्या नर्सबाईवर भिस्त ठेवली नाही. गावातल्याच बायका घेतल्या. बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना दर आठवड्याला थोडं थोडं शिकवलं, आणि बाळंतपणापासून क्षयरोगापर्यंतची प्राथमिक कामं त्या करू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा जगाने दखल घेतली, पण गावोगावची शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं त्याच्या आधीपासून उभी होती. त्या दोघांची श्रद्धा कोणापासून लपलेली नव्हती. पण औषध मिळायला कोणाला प्रार्थनेला बसावं लागत नव्हतं.

पाळकसाहेबांच्या दवाखान्याचा विचार आता त्याच मापाने करा. मोफत दवाखाना म्हणजे नोंदणी, पात्र डॉक्टर, औषधांचा साठा, जैववैद्यकीय कचरा, आणि डॉक्टर आठवड्यातून एकदाच येणार असेल तर उरलेले सहा दिवस कुलूप. तुमच्या तालुक्यात आरोग्य केंद्र आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, गावागावात आशाताई आहेत. उणीव असते ती माणसाला तिथवर पोचवण्याची आणि तिथे त्याच्या शेजारी उभं राहण्याची. मोठं आजारपण आलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. सार्वजनिक न्यास असलेल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हेही अनेकांना माहीत नसतं. तुमच्यापैकी दोघांनी ही माहिती पक्की केली, कोणता कागद कोणत्या खिडकीवर लागतो ते बघून ठेवलं, तर तो अर्धा दवाखानाच झाला. औषधं मात्र मंडळीने स्वतः वाटू नयेत, कितीही साधी असली तरी.

आरोग्याचंच काही करायचं असेल तर क्षयरोग्याचं करा. २०२२ पासून सरकारने 'निक्षय मित्र' अशी सोय केली आहे. व्यक्ती, संस्था, अगदी धार्मिक संस्थासुद्धा नोंदणी करून उपचार घेणाऱ्या रुग्णाला निदान सहा महिने पोषण आहार देऊ शकते. मोठ्या माणसासाठी महिन्याची पिशवी ठरलेली आहे: तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव लिटर तेल, आणि किलोभर शेंगदाणे किंवा दूध पावडर. शेंगदाणे घेतले तर आजच्या भावाने सहा-सातशे रुपयांत बसते. यामागे भावना कमी आणि पुरावा जास्त आहे. झारखंडात झालेल्या मोठ्या अभ्यासात, जो २०२३ साली प्रसिद्ध झाला, रुग्णाच्या घरातल्या इतर माणसांना पुरेसा आहार दिल्यावर त्यांच्यात क्षयरोग होण्याचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलं. म्हणजे पिशवी एका रुग्णाची बांधलीत तरी घरातल्या चुलीकडेही बघा. फडावर जाणाऱ्या कुटुंबात क्षयरोग असेल तर उपचार तुटण्याचा धोका मोठा. रुग्ण कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाणार आहे ते आशाताईंना आणि क्षयरोग पर्यवेक्षकांना आधी कळवलंत, तर तिथल्या केंद्रात त्याची औषधं चालू ठेवता येतात. एवढा एक फोन कोणी करत नाही, म्हणून माणसं हातची जातात.

इथे उपासनेशी संबंधित एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे मध्यस्थीच्या प्रार्थनेत नावं घ्यायची सवय आहे. 'अमुक वस्तीतल्या तमुक बाईंना टीबी झाला आहे, प्रभू त्यांना बरं कर.' लाऊडस्पीकर चालू असतो. त्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरायचं असतं. कृपा करून नावं घेऊ नका. देवाला पत्ता माहीत आहे.

आता वडीलधाऱ्यांचा मुद्दा. तो उडवून लावू नका. या आरोपाला आपल्याकडे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि तो सगळा एकतर्फी नाही. १८७६च्या आणि पुन्हा शतकअखेरच्या दुष्काळांत मिशनांनी हजारो लोकांना जगवलं, पुष्कळांनी बाप्तिस्माही घेतला, आणि 'पोटासाठी ख्रिस्ती' हा शब्द आपल्या पणज्यांनी ऐकून घेतला. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर प्रत्येक सेवा-समितीने बारकाईने वाचावं. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांसाठी शाळा, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं आश्वासन, सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यावरून वादळ उठलं, १८९३ साली सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी माझं दार का लावू? पालकांचं म्हणणं, आम्ही मुली शिकायला पाठवल्या होत्या. मला रमाबाईंबद्दल अपार आदर आहे, त्यांनी केडगावला मुक्ती मिशन म्हणून जे उभं केलं त्याला तोड नाही. तरीही म्हणते, तटस्थता म्हणजे नेमकं काय, हे दोन्ही बाजूंनी आधी बसून ठरवलं नव्हतं, आणि त्याची किंमत मुलींनी मोजली.

म्हणून तुम्ही आधी ठरवा आणि कागदावर लिहा. आमच्याकडे चालतं ते सांगते. पिशवीत पत्रिका, शुभवर्तमान, कॅलेंडर, काहीच घालायचं नाही. घरात प्रार्थना करायची ती त्या माणसाने स्वतःहून म्हटलं तर, आणि तीही त्याच्यासाठी, त्याला ऐकवण्यासाठी नाही. कोणी धर्माबद्दल विचारलं तर खोटं बोलायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही. पण 'त्यासाठी पाळकसाहेबांना वेगळ्या दिवशी भेटा, आज आपण दाखल्याचं बघू' एवढंच म्हणायचं. मदत घेणारा कोणी उपासनेला यायला लागला तरी मदत वाढत नाही, आणि येणं थांबवलं तरी कमी होत नाही. फोटो नाहीत. काम सुरू करण्याआधी सरपंच, आशाताई, शाळेचे मुख्याध्यापक यांना भेटून हा कागद दाखवायचा, आणि कोणत्या घरी जावं हे त्यांनाच विचारायचं. यादी तुमची नसली की निम्मा संशय तिथेच मिटतो. राहिलेला निम्मा वर्षा-दोन वर्षांत मिटतो किंवा मिटत नाही. न मिटला तर ऐकून घ्यायचं. वडीलधाऱ्यांना म्हणावं, ऐकून घ्यायची आपल्याला सवय आहे.

बाहेरच्या आरोपापेक्षा मला आतल्या कुरबुरीची जास्त काळजी वाटते. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. पहिल्याच मंडळीत रोजच्या वाटपावरून तंटा झाला. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी तक्रार आली, आणि प्रेषितांनी सात माणसं नेमली. त्या सातांची नावं वाचा, सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याकडेच काम सोपवलं, असं मी समजते. आपल्या मंडळ्यांतही 'आपली माणसं' आणि 'त्यांची माणसं' असतात. जुनी घरं आणि नंतर आलेली, मिशन कंपाउंडातली आणि वस्तीवरची, आणि तोंडाने कबूल करत नसलो तरी पूर्वाश्रमीची जात. समितीत सात जण घ्याल तर निदान चार वस्तीवरचे घ्या, त्यांत तीन बायका. पाळकसाहेब समितीत नसावेत. त्यांना राग येईल, पण त्याच अध्यायात प्रेषितांनी स्वतःला बाहेर ठेवलंय, ते दाखवा.

पैशाचं उत्तर सोपं आहे आणि लोकांना ते आवडत नाही. बाहेरून आणू नका, निदान पहिली तीन वर्षं. परदेशातल्या कोणी ओळखीच्याने पाठवतो म्हटलं तरी परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी नसेल तर एक रुपया घ्यायचा नाही, मंडळीच्या खात्यात नाही आणि कोणाच्या वैयक्तिक खात्यात तर मुळीच नाही. साठ कुटुंबांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर तीन हजार होतात. पेट्रोल, झेरॉक्स आणि दोन-तीन क्षयरोग्यांच्या पिशव्या त्यात निघतात. मिझोरामच्या मंडळ्यांत 'बुहफाई थाम' नावाची रीत आहे. प्रत्येक वेळी भात शिजवताना घरची बाई एक मूठ तांदूळ बाजूला काढते आणि ते सारं चर्चला जातं. १९१० पासून हे चालू आहे आणि त्यावर मोठमोठी कामं उभी राहिलीत. तुमच्याकडे ज्वारी-बाजरी आहे. हंगामाच्या सणाला धान्य येतं आणि त्याचा लिलाव होतो, त्यातला ठरावीक भाग सेवेकडे वळवायचा ठराव करून घ्या.

पैसे मोजण्याची शिस्त मात्र पहिल्या रविवारपासून हवी. पेटी उपासनेनंतर तिथेच, टेबलावर, तिघांनी उघडायची. मोजून वहीत आकडा लिहायचा, तिघांच्या सह्या, आणि सोमवारी बँकेत भरणा. त्यातून लगेच कोणाला 'जरा गरज आहे' म्हणून द्यायचं नाही, गरज खरी असली तरी. पौलासारख्या माणसानेही यरुशलेमकडे वर्गणी नेताना सोबत इतर बंधू घेतले होते, कोणी बोट ठेवू नये म्हणून, आणि करिंथच्या मंडळीला पत्रात तसं लिहूनही टाकलं. दर तीन महिन्यांनी जमाखर्च नोटीस बोर्डावर लावा. मंडळीचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेलच. सेवेचा हिशेब त्याच्याच लेखापरीक्षणात जाऊ द्या, वेगळी संस्था काढायची घाई करू नका. वेगळी संस्था झाली की वेगळं अध्यक्षपद होतं, आणि मग निवडणुका होतात.

मुलांसाठी अभ्यासिका काढायचं कोणी सुचवेल. चांगलं काम आहे, पण पहिल्या वर्षी नको. काढाल तेव्हा कोणत्याही वेळी दोन मोठी माणसं हजर, दार उघडं, आणि शिकवणाऱ्याची पोलीस पडताळणी, यात सूट नाही.

वेळापत्रक तुमच्याकडे निसर्गाने आणि मुकादमाने ठरवून दिलेलं आहे. पोळा झाला की आशाताईंबरोबर बसून यादी करा: कोण जाणार, मागे कोण राहणार, कोणाची गोळी चालू आहे, कोणाचं अनुदान बंद आहे. दसऱ्याच्या आत, मुलगा-सून गावात असतानाच, त्यांच्या घरी जाऊन विचारा की आम्ही तुमच्या आई-वडिलांकडे पंधरा दिवसांनी आलो तर चालेल का. नाही म्हणाले तर विषय सोडून द्या. हो म्हणाले तर त्यांचा फोन नंबर घ्या आणि फडावर गेल्यावर महिन्यातून एकदा ख्यालीखुशाली कळवा. हा फोन औषधाइतकाच महत्त्वाचा ठरतो, दोन्हीकडे. पहिल्या हंगामात दहा घरांच्या वर घेऊ नका, पाच जोड्यांना दोन-दोन. जोडीतला एक तरुण संघाचा आणि एक महिला संघाची असली तर उत्तम. मोटरसायकल एकाकडे असते आणि घरात कसं बसावं हे दुसरीला कळतं. तुमचा नाताळ येईल तेव्हा या दहा घरांत जे लागेल ते नेमकं ठाऊक असेल: कुठे चष्मा, कुठे पत्र्याला डांबर, कुठे शेळीसाठी चारा. ऊसतोड संपून माणसं परतली की पुन्हा सगळ्या जोड्यांनी बसा, आणि कोणतं घर सोडायचं, कोणतं धरून ठेवायचं ते त्या वेळी वही समोर ठेवून ठरवा.